जुनी स्पोर्ट्स कार आणि विजेच्या गाड्या: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. सोमवार ते शुक्रवार विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करतो आणि रविवारी १९७१ सालच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारखाली पाठीवर पडलेला असतो. त्यामुळे गणपतीत मंडळाच्या पार्किंगमध्ये, साताऱ्याहून आलेल्या फोनवर, पंपावर पेट्रोल भरताना मला तेच ते प्रश्न विचारले जातात. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन निसटतो. इथे सावकाश लिहितो.

एमजी म्हणजे ती हेक्टर आणि विंडसरवालीच ना?

नाव तेच, अष्टकोनी बिल्लाही तोच. गाडी मात्र दुसऱ्याच जगातली.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधलं गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या, चपळ बॉडी चढवून विकायला सुरुवात केली. पुढे कारखाना जवळच्या अॅबिंग्डन गावात गेला. तिथेच १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनली. उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त. १९८०मध्ये अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला, नाव या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी चीनच्या एसएआयसीकडे आलं. भारतात आज जेएसडब्ल्यूच्या भागीदारीत ज्या एमजी विकल्या जातात, त्या या वळणावरच्या.

गंमत अशी की या एमजीने पुन्हा दोन सीटची उघडी गाडी काढली आणि ती विजेची. तिचं नाव सायबरस्टर. भारतात ती जुलै २०२५मध्ये आली, किंमत पाऊण कोटीच्या घरात. ७७ किलोवॅट-तासांची बॅटरी, पाचशेच्या वर अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत. माझ्या गाडीत १७९८ सीसीचं बिडाचं इंजिन आहे, नवी असताना ९५ अश्वशक्तीचं. शंभरला पोचेपर्यंत आजूबाजूची शेतं नीट बघून होतात. पण माझी गाडी टनापेक्षा हलकी आहे आणि सायबरस्टर दोन टनांच्या आसपास. पुढचं सगळं वाचताना वजनाचा हा फरक ध्यानात ठेवा.

२०३० नंतर ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही म्हणतात, खरं का?

नाही. ब्रिटनमध्ये २०३० पासून बंदी येणार आहे ती निव्वळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या *नव्या* गाड्या विकण्यावर. हायब्रिडना २०३५ पर्यंत मुभा आहे. अॅस्टन मार्टिन, मॅकलारेनसारख्या थोड्या गाड्या बनवणाऱ्यांना त्यातूनही सवलत आहे. जुन्या गाडीचं पेट्रोल कोणी बंद करत नाही, तिची खरेदी-विक्रीही थांबवत नाही.

उलट इथे चाळिशी ओलांडलेल्या गाडीचे लाडच होतात. ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद केली की रस्ताकर माफ. मोठे फेरबदल केलेले नसले तर एमओटी नावाची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मी तरी दरवर्षी स्वतःहून करून घेतो. ५० वर्षांच्या ब्रेक पाइपवर कायद्याने विश्वास टाकला, म्हणून मी का टाकावा?

लंडनमध्ये नेली तर दंड?

नाही. लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये धुराच्या निकषात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात आणि २०२३च्या ऑगस्टपासून हा झोन सगळ्या लंडनभर आहे. ऐतिहासिक वाहनांना त्यातून सूट आहे. म्हणजे २००३ची डिझेल गाडी पैसे भरते आणि माझी धुराची चूल फुकट जाते. यात न्याय कुठे, असं मला विचारू नका. मला फायदा आहे म्हणून मी गप्प आहे.

मग जुन्या गाड्यांना धोका कसला?

पेट्रोलचा. पेट्रोल संपण्याचा नाही, बदलण्याचा.

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. महागड्या 'सुपर'मध्ये पाच टक्क्यांपर्यंत, म्हणून जुन्या गाड्यांना तेच पाजतात. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, ठिसूळ करतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी तीन महिने झाकून ठेवली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजायला लागते.

मला याचा धडा असा मिळाला. एमजीबीत पेट्रोलचा पंप विजेचा असतो, मागे उजव्या चाकापाशी. किल्ली फिरवली की तो टिकटिक करतो. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. मग चोक ओढायचा आणि स्टार्टर मारायचा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गाडी हिवाळ्यातून बाहेर काढली, किल्ली फिरवली आणि टिकटिक थांबेचना. मला वाटलं, वाट्या रिकाम्या आहेत, भरतील. मिनिटभराने नाकाने सांगितलं. बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर पेट्रोलचे थेंब आणि खाली एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिन चालू होताच तापणारा धुराचा पाइप. नळी अंगठ्याच्या नखाने दाबली तर शिळ्या भाकरीसारखी तडकली. ती नळी जेमतेम दीड वर्षापूर्वी एका ऑनलाइन दुकानातून घेतली होती, 'इथेनॉल चालेल' असं छापलेली. त्या दिवशी स्टार्टर मारला असता तर हे लिहायला बहुधा मी असतो, गाडी नसती.

तेव्हापासून सगळ्या नळ्या खऱ्या इथेनॉल-रोधक, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेल्या. तारीख खडूने आतल्या पत्र्यावर लिहितो. टिकटिक थांबली नाही, तर किल्ली बंद.

दुसरा धोका पंप कमी होण्याचा. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ४०,००० च्या आसपास पेट्रोल पंप होते, आता साडेआठ हजारांच्या आत आहेत. ही घट विजेच्या गाड्यांनी केलेली नाही, ती त्यांच्या कितीतरी आधीची आहे. पण विजेच्या गाड्या वाढल्या की खेड्यातला उरलासुरला पंप परवडणार नाही, हे उघड आहे. डोंगरात फिरायला जाणाऱ्यांनी डिकीत कॅन ठेवायची सवय लावावी.

पेट्रोल बदललं म्हणून गाड्या मेल्या, असं आधी कधी झालंय का?

मेल्या नाहीत, पण मरणार असं सगळे छातीठोक सांगत होते. २००० सालापासून इथल्या पंपांवरून शिसेयुक्त पेट्रोल गेलं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, शिसं व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर) पातळ थर धरायचं. ते गेलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल खोल बसत जातात, फट उरत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जातो. क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकतो, त्या सुमाराला गाड्या मातीमोल भावाने गेल्या.

झालं काय? हेड खोलून कडक पोलादाच्या सीट बसवायच्या. एकदाच करायचं काम. माझ्या गाडीचं आधीच्या मालकाने करून घेतलेलं आहे. ज्यांनी नाही केलं, ते टाकीत बाटलीतलं औषध ओततात आणि हळू चालवतात.

तुमचं तर कामच बॅटरीचं. मग एमजीबी विजेची का करत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यावर मी सगळ्यात जास्त भांडलोय. करता येते. इथे अनेक लहान कंपन्या करून देतात. इंजिन काढायचं, ठोकलेल्या निस्सान लीफची किंवा टेस्लाची मोटार बसवायची, बॅटऱ्या बॉनेटखाली आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी वाटून ठेवायच्या. काही जण जुना गिअरबॉक्स तसाच ठेवतात, मध्ये एक जोडपट्टी बसवून.

अडचण मोटारीची नाही, बॅटरीची आहे. विजेची म्हणूनच बनलेल्या गाडीत बॅटरी जमिनीत सपाट असते, बाजूने टक्कर झाली तर पोलादी तुळया ती वाचवतात, गरम-गार करायला पाणी फिरतं. एमजीबीच्या जमिनीत पातळ पत्रा आहे आणि दारांखालच्या सिलमध्ये हमखास गंज. तिच्यात कारखान्यानेच दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या सीटच्या मागे खड्ड्यात ठेवल्या होत्या. त्या खड्ड्यांचे तळसुद्धा गंजून गळून पडतात. तिथे मी शेकडो व्होल्टची केबल ओढू? ओढता येते, पण आधी सगळं पत्राकाम नव्याने करावं लागतं. मग बघा, मागे लीफ स्प्रिंग, ड्रम ब्रेक आणि १९५०च्या दशकातले शॉक अॅब्सॉर्बर. त्यांच्यावर जास्तीचं वजन चढलं की तेही बदला. एक बदल दुसऱ्याला बोलावून आणतो.

मोठ्यांनीही हात पोळून घेतलेत. जॅग्वारने २०१७मध्ये ई-टाइप झीरो, म्हणजे आपली जुनी ई-टाइप स्पोर्ट्स कार विजेची करून, दाखवली. मे २०१८मध्ये राजपुत्र हॅरी आणि मेगन लग्नानंतर तीच गाडी घेऊन मेजवानीला निघाले आणि जगभर फोटो छापून आले. त्याच वर्षी कंपनीने ती विकायचं जाहीर केलं आणि पुढे बेत गुपचूप गुंडाळला. अॅस्टन मार्टिनची कल्पना मला जास्त शहाणपणाची वाटली. १९७०च्या डीबी६ व्होलांटेत मोटार आणि बॅटरी एका डब्यात बसवून तो डबा मूळ इंजिनाच्याच आधारांवर ठेवायचा. उद्या मन बदललं तर डबा काढा, इंजिन परत ठेवा.

जुन्या गाड्यांच्या क्लबांचा जागतिक महासंघ, फिवा, याचं म्हणणं सरळ आहे. विजेची केलेली गाडी ऐतिहासिक धरता येणार नाही. करायचीच असेल तर परत फिरवता येईल अशी करा आणि काढलेले भाग जपून ठेवा.

माझं मत विचाराल तर, चालू स्थितीतली गाडी फोडू नये. पण इंजिनाला तडा गेलेली, कागदपत्रं हरवलेली, शेतघरात सडत पडलेली जीटी असेल, तर करा की विजेची. भंगारात जाण्यापेक्षा बरंच. एमजीबीच्या बाबतीत तर जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून अख्खी नवी बॉडी दाबून द्यायला सुरुवात केली. विजेची गाडी बांधायचीच तर त्या नव्या पत्र्यावर बांधा, कोणाच्या मूळ गाडीचा बळी कशाला?

खर्च?

व्यावसायिक कारखान्यात केलं तर साध्या एमजीबीच्या किमतीच्या दुपटी-तिपटीला सहज जातो. स्वतः केलं तर पैसे वाचतात आणि दोन उन्हाळे जातात.

कागदपत्रांचं काय?

आधी इथे गुणांची पद्धत होती. मूळ सांगाड्याला पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना दोन-दोन आणि इंजिनाला फक्त एक. आठ गुण आणि मूळ सांगाडा राहिला तर जुना नंबर टिकायचा. इंजिनाला एकच गुण, हे वाचून मी पहिल्यांदा दुखावलो होतो. ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या बदलासाठी नियम आणखी सैल झालेत आणि विजेची केलेली गाडीही आपली ओळख टिकवू शकते. पण एमओटी तपासणीची सूट वेगळी. इंजिन गेलं की ती जाण्याचीच दाट शक्यता. विम्याला आधी कळवा, काम झाल्यावर नाही.

पर्यावरणाचं बोलता आणि हे धुराडं चालवता?

बरोबर आहे. हिशेब मांडतो. वर्षाला साधारण १,५०० मैल चालवतो. गॅलनला २५ मैल धरले तर ६० गॅलन, म्हणजे २७० लिटरच्या वर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला सव्वासहाशे किलो. एकदा विमानाने घरी जाऊन आलो की माझ्या नावावर याहून जास्त जमा होतो.

पण यात एक लबाडी आहे, तीही सांगतो. कार्बनच्या हिशेबात माझी गाडी निष्पाप दिसते, नाकाच्या हिशेबात नाही. तिला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. मैलामागे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल ती आजच्या गाडीच्या कितीतरी पट ओकते. १९७५च्या आधीच्या गाडीची तपासणीत फक्त डोळ्याला दिसणारा धूर बघतात, मशीन लावत नाहीत. म्हणून शाळा सुटायच्या वेळी मी ती गावातून नेत नाही. कामाला विजेच्या गाडीने जातो. आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच एमजीबी टिकली आहे. रोजची ये-जा तिच्या मानेवर नाही, मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यावर तिला उतरावं लागत नाही.

ते कृत्रिम पेट्रोल आलं की प्रश्नच मिटेल ना?

मिटेल, पैसे असले तर. चिलीत पुंता अरेनासजवळ हारू ओनी नावाचा प्रकल्प डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला, पोर्शेचा त्यात हात आहे. तिथला सोसाट्याचा वारा पवनचक्की फिरवतो, त्या विजेने पाण्यातला हायड्रोजन सुटा करतात, त्यात कार्बन मिसळून पेट्रोल बनवतात. यात वीज अफाट लागते. त्याच विजेने बॅटरी भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाईल, त्यामुळे रोजच्या गाड्यांसाठी हा उपाय मला कधीच पटला नाही. वर्षाला २७० लिटर लागणाऱ्या म्हाताऱ्या गाड्यांसाठी मात्र पटतो. २०२४च्या गुडवुड रिव्हायव्हल या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या मेळ्यात सगळ्या जुन्या रेसगाड्या शाश्वत इंधनावर पळाल्या आणि आवाजात कोणाला फरक कळला नाही. शेतीच्या उरल्यासुरल्यापासून बनवलेलं असं पेट्रोल इथे डब्यात विकतही मिळतं, पंपावरच्या दुपटीहून महाग.

आजोबांची जुनी गाडी गावी शेडमध्ये आहे. भारतात काय करता येईल?

ही विचारणा दर उन्हाळ्यात येते. बहुतेकदा फियाट, कधी अॅम्बेसिडर, क्वचित स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्ड असेल तर कान टवकारा. मद्रासला बनलेली ही गाडी म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड आणि तिच्याच सांगाड्यातून पुढे ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. त्यामुळे तिचे कितीतरी सुटे भाग इथे अजून नवे मिळतात.

२०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. नव्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठी काढता येते, रोज भाजी आणायला नाही. आणि व्याख्येतच अट आहे की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे विजेची मोटार बसवली की हा दर्जा विसरा.

विजेची करायचीच असेल तर भारतात किट मंजूर लागतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासलेलं, तुमच्या मॉडेलसाठी चालणारं. मग आरटीओत नोंद. कोपऱ्यावरचा मिस्त्री 'करून देतो' म्हणाला तर नमस्कार करा आणि निघा.

त्याहून तातडीचं म्हणजे तुमच्याकडे आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आमच्या दुप्पट. शेडमधली गाडी सुरू करण्याआधी टाकी उतरवून धुवा, नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या गास्केट बदला. माझ्या भाच्याने हे न करता थेट धक्का मारून फियाट सुरू केली. चालू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चौथ्या दिवशी कार्बोरेटरमधून तपकिरी चिखल निघाला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली तेव्हा 'विजेने मारली' असं कोणीतरी मला पाठवलं होतं. तिला वीस वर्षांच्या वयोमर्यादेने घालवलं. घरची पद्मिनी अजून चालवता येते.

गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

नाही. पुढचा प्रश्न.

आवाजाशिवाय स्पोर्ट्स कार कसली?

आवाज मला आवडतो, पण त्याचं स्तोम फार झालंय. १८९९मध्ये ताशी शंभर किलोमीटर ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेची होती, बेल्जियमच्या कामिय झेनात्झीची. टेस्लाची पहिली गाडी, २००८ची रोडस्टर, लोटस एलिस या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सांगाड्यावरून उभी राहिली आणि तिचं कवच लोटसच्याच हेथेलच्या कारखान्यात जोडलं जायचं. तेव्हा रक्ताचं नातं आहेच. मला एमजीबीत आवाजाहून जास्त काय आवडतं, तर स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी हाताला कळते. दोन टनांच्या गाडीत ती कळत नाही, मग इंजिन असो वा मोटार.

तुमच्यानंतर चालवणार कोण?

हा प्रश्न बायकोचा. पेट्रोल, बंदी, बॅटऱ्या यांच्यापेक्षा यातली अडचण मला जास्त गंभीर वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकचा मिळतो. विजेच्या गाडीत गिअर नाहीत, म्हणून त्या गाडीत दिलेली परीक्षा ऑटोमॅटिकचीच. पोरांना तेच सोपं पडतं, शिकवणाऱ्यांनाही. अशा परवान्यावर एमजीबी चालवणं बेकायदा आहे. गाडी टिकली, पेट्रोल मिळालं, सुटे भाग मिळाले, तरी क्लच दाबणारा पाय कायद्यानेच उरणार नाही.

लेक सतरा वर्षांची झाली तेव्हा तिने ऑटोमॅटिकचेच धडे लावायचे ठरवले होते. मी काही बोललो नाही. एका रविवारी ती आपणहून सीटवर येऊन बसली, किल्ली फिरवली आणि म्हणाली, "बाबा, हे टिकटिक काय वाजतंय?" मी सांगितलं. ती ऐकत राहिली. टिकटिक थांबल्यावर चोक ओढला. पहिल्या गिअरला गाडी चार वेळा बंद पाडली, पाचव्यांदा आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत नेली. परत आणताना रिव्हर्स सापडेना, म्हणून दोघांनी ढकलत आणली.

मॅन्युअलच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. दुसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे.